साधं तेल

इसमाचे वर्णन: वय अठ्ठावन्न. उंची बेताची. बांधा मध्यम, डावीकडे किंचित कललेला. ओळखीची खूण: उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. हुद्दा: देखभाल अभियंता, छोटी पिस्टन इंजिने. सेवा: एकतीस वर्षे. वर्तणूक: अनुकरणीय. विशेष प्रावीण्य: वंगणाची निवड. नोंदवहीतील चुका: निरंक.

हे वर्णन फ्लाइंग क्लबच्या सेक्रेटरींनी स्वहस्ते लिहिलं. वर्षातून एकदा सगळ्या क्लबांमधून एका मेकॅनिकला 'आदर्श देखभाल कर्मचारी' अशी पितळी पाटी मिळते, तिच्यासाठी अर्ज करायचा होता. सेक्रेटरी लिहिता लिहिता एकेक शब्द मोठ्याने म्हणत होते, आणि वर्णनातला इसम समोरच्या स्टुलावर मान खाली घालून बसला होता. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर पाटी मिळणार आहे की बेड्या, हे सांगता आलं नसतं.

"'चुका: निरंक' लिहू ना, मास्तर?"

"लिहा की. तुमचं पेन, तुमचा कागद."

सेक्रेटरींना हा विनय वाटला. त्यांनी 'स्वभाव: विनयशील' अशी एक ओळ वाढवली.

क्लबात त्यांना सगळे तेलमास्तर म्हणत. नावाने हाक मारणारे आता फक्त बँकेत उरले होते. क्लबाची चार विमानं, शिवाय हौशी मालकांची सहा-सात, अशा दहाबारा इंजिनांच्या पोटात काय जायचं आणि काय नाही, हे मास्तर ठरवत. विमानाच्या इंजिनात मोटारीचं तेल का चालत नाही, हे त्यांनी जितक्या वेळा सांगितलं असेल तितक्या वेळा माणूस स्वतःचं नावही सांगत नाही. मोटारीच्या तेलात जे मिसळलेलं असतं ते जळलं की त्याची राख होते, राख पिस्टनच्या डोक्यावर बसते, तापून तिचा निखारा होतो, आणि निखारा ठिणगीची वाट बघत थांबत नाही. "मोटार बिघडली तर रस्त्याच्या कडेला घेता येते," मास्तर म्हणत. "वर कड कुठे आहे ते मला दाखवा, मग घाला मोटारीचं."

थंडीत पातळ, उन्हाळ्यात जाड, आणि ज्याला ऋतू पाळायचा कंटाळा त्याला मल्टिग्रेड. रोज उडणाऱ्याला कुठलंही चांगलं तेल चालतं. महिनोन् महिने उभं राहणाऱ्याला कुठलंच पुरत नाही. हे त्यांचं आवडतं वाक्य. इंजिन चालून झिजत नाही एवढं बसून झिजतं, असं म्हणताना ते हँगरच्या दारातल्या बाकावर बसलेल्या मालकमंडळींकडे बघत. मंडळी चहा पीत राहत.

बाटल्यांशी मात्र त्यांचं वैर होतं. तेलात वरून घालायच्या औषधांच्या छोट्या बाटल्या बाजारात मिळतात, आणि त्यांच्या लेबलांवर जे लिहिलेलं असतं ते खरं मानलं तर जगात एकही इंजिन मरायला नको. एक दातांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे स्वतःचं निळं विमान होतं, आणि दर दोन महिन्यांनी ते नवीन बाटली घेऊन हजर होत.

"मास्तर, ही बघा. घर्षण सत्तर टक्के कमी."

"डॉक्टर, पेशंटने घरून स्वतःचं सिमेंट आणलं तर तुम्ही दातात भराल?"

"छे!"

"मग बाटली इकडे द्या."

अशा बाटल्या एका पत्र्याच्या कपाटात जमा होत. हँगरमध्ये त्याला जप्तीचं कपाट म्हणत. कपाटावर मास्तरांनी स्वतः रंगवलेली पाटी होती: 'इंजिनाला परस्पर औषध देऊ नये.' सगळ्याच बाटल्या टाकाऊ होत्या असं नाही. दोन-तीन चांगल्या होत्या, कारखान्याने मंजूर केलेल्या. चांगली बाटली चुकीच्या वेळी, हे त्यांच्या मते सर्वांत वाईट, कारण तिच्यावर कोणी संशय घेत नाही.

आणि चुकीची वेळ म्हणजे कोणती, तर पहिले पन्नास तास.

इंजिन उघडून नवं केलं की सिलिंडरची आतली भिंत मुद्दाम ओरखडतात. त्याला होनिंग म्हणतात. दगडाने आडव्यातिडव्या बारीक रेघा मारायच्या, जाळीसारख्या. पिस्टनच्या रिंगा त्या रेघांवर घासतात, दोघं एकमेकांना थोडं थोडं खातात आणि मग एकमेकांत चपखल बसतात. या काळात तेल साधं हवं, अगदी निव्वळ, कसलीही भर न घातलेलं. फार निसरडं तेल दिलं तर रिंगा घासतच नाहीत, नुसत्या घसरतात. मग तेल रेघांमध्ये जळून बसतं, भिंतीवर काचेसारखा थर चढतो, आणि त्या रिंगा पुढे जन्मात बसत नाहीत. इंजिन तेल पीत राहतं.

"नवा संसार आणि नवं इंजिन सारखंच," मास्तर शिकाऊ वैमानिकांना सांगत. "पहिले पन्नास तास थोडं घासलंच पाहिजे."

हे एकदा त्यांच्या बायकोने ऐकलं. "तुमचे पन्नास तास अजून चालूच आहेत," ती म्हणाली, आणि डबा ठेवून निघून गेली.

या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे मास्तरांचा मेव्हणा, होनिंगचंच काम करत असे. गावाच्या टोकाला एका खोलीचं दुकान, खोलीत मध्यभागी एक उभं मशीन, भिंतीवर दगडांच्या जोड्या ओळीने टांगलेल्या. मशीन घ्यायला दोघं मेव्हणे मिळून दूर गेले होते आणि ते ट्रकच्या मागे दोरांनी बांधून, स्वतः त्याला धरून बसून आले होते. मेव्हणा बोलायला कमी, पण त्याचा हात असा की सिलिंडरवरच्या रेघा बघून मास्तर म्हणायचे, "हे काम भिंतीला टांगायचं, इंजिनात घालायचं पाप आहे." क्लबाच्या मंजूर यादीत त्याच्या दुकानाचं नाव मास्तरांच्याच शिफारशीने चढलं होतं.

अडीच वर्षांपूर्वी क्लबाच्या लाल शेपटीच्या विमानाचं इंजिन नवं केलं. चारही सिलिंडर मेव्हण्याने घासून दिले. इंजिन जोडून तयार झालं आणि नेमका विमानाचा पुढचा पंखा अडकला. तो दुरुस्तीला गेला होता, तिकडून परत येईना. इंजिन पाच महिने स्टँडवर उभं राहिलं.

उभ्या इंजिनाला ओल लागू नये म्हणून स्पार्क प्लगांच्या जागी निळ्या दाण्यांच्या बोंड्या लावतात. दाणे ओल शोषतात आणि ओल पोटभर झाली की गुलाबी होतात, मग ते बदलायचे. काम पाच मिनिटांचं. त्याच सुमारास मास्तरांच्या मुलीचं बाळंतपण आलं. ते दीड महिना रजेवर गेले, आणि दाणे बदलायला कोणाला सांगायचं ते राहून गेलं. दुसरं काही नाही, राहून गेलं. परत आले तेव्हा आठच्या आठ बोंड्या गुलाबी होत्या, नातीच्या टोपड्यासारख्या.

या जातीच्या इंजिनात कॅम, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, वर असतो. बाकी सगळं तेलात बुडून असतं, तो मात्र उंचावर, कोरडा. ओल आली की गंज पहिल्यांदा त्याला चढतो. गंजलेला कॅम पहिल्याच तासांत स्वतःला आणि आजूबाजूच्यांना कुरतडतो. मास्तरांनी तरुणपणी असा एक कॅम पाहिला होता, आणि तो अजून त्यांच्या डोळ्यांपुढून गेला नव्हता. पुस्तकाप्रमाणे एक सिलिंडर काढून आत बघायला हवं होतं. म्हणजे दोन आठवडे. म्हणजे 'का काढला?' असा प्रश्न, आणि उत्तरात त्या गुलाबी बोंड्या. पंखा आलेला, शिकाऊ मुलं वाट बघत बसलेली, सेक्रेटरी दिवसातून दोनदा दारात.

मास्तरांनी भोकातून टॉर्च मारून पाहिलं. काही दिसलं नाही. मग त्यांनी जप्तीचं कपाट उघडलं, डॉक्टरांची एक बाटली काढली आणि साध्या तेलाबरोबर अख्खी इंजिनात ओतली. बाटली चांगल्यातली होती. कॅमसाठी तिच्याइतकं योग्य दुसरं काही नव्हतं. रिंगांसाठी तिच्याइतकं अयोग्यही नव्हतं. एकाच पोटात दोन तोंडं, एकाला निसरडं हवं, दुसऱ्याला घासणारं, आणि मास्तरांनी त्या तोंडाचं ऐकलं ज्याची त्यांना भीती होती.

रिकामी बाटली त्यांनी खिशात घातली. नोंदवहीत लिहिलं: 'तेल: साधं. पूरक: काही नाही.' खाली सही.

कॅमला पुढे काही झालं नाही. हे त्यांनी स्वतःला नंतर बरेच दिवस सांगून पाहिलं.

नवं इंजिन सुरुवातीला थोडं तेल पितं, पण पंचवीस तासांत त्याची सवय सुटते. याची वाढली. तिसाव्या तासाला प्रशिक्षकबाई हँगरमध्ये आल्या. विमान शिकवायला लागून त्यांना बारा वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज इंजिन चालू असतानाही ऐकू येत असे.

"मास्तर, तुमचं बाळ पितंय."

"किती?"

"दोन तासांना लिटर. पोटाखाली पुसायला आता चिंध्या पुरत नाहीत. रिंगा बसल्या नाहीत का?"

"बसतील."

"कधी? रिटायर झाल्यावर?"

पुढच्याच आठवड्यात बाई एका मुलीला घेऊन वर होत्या आणि तेलाच्या दाबाचा काटा खाली सरकू लागला. बाईंनी इंजिनाची गती कमी केली, मुलीला गप्प बसवलं आणि विमान वळवून सरळ खाली आणून टेकवलं. कोणाला खरचटलंही नाही. मुलगी तर उतरल्यावर हसत होती, तिला वाटलं हा धड्याचाच भाग आहे. मास्तरांनी तेलाची पट्टी काढून बघितली. तेल पट्टीच्या टोकालाही लागलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी डबा न उघडताच परत नेला.

मग चौकशी समिती बसली. तिघं जण: सेक्रेटरी, बाहेरून आलेले एक निरीक्षक, आणि दातांचे डॉक्टर, कारण ते मालकमंडळींचे प्रतिनिधी होते. चारही सिलिंडर काढून टेबलावर मांडले. आतून आरशासारखे चकचकत होते. निरीक्षकांनी एकात डोकावून स्वतःचा भांग बघितला, असं पुढे हँगरमध्ये सांगत. मेव्हणा दाराजवळ उभा होता. त्याला बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

निरीक्षकांनी विचारलं, "मास्तर, तेल कोणतं होतं?"

"साधं."

खोटं बोलायला माणसाला फार वेळ लागत असेल अशी मास्तरांची समजूत होती. दोन अक्षरं लागली.

"काही वरून घातलं होतं?"

मास्तरांनी उत्तर द्यायच्या आधीच डॉक्टर हसले. "यांना विचारताय? यांनी माझ्या सात बाटल्या जप्त केल्यात!"

सगळे हसले. मेव्हणाही हसला. हे हसू मास्तरांना पुढे दोन वर्षं पुरलं.

अहवाल एका पानाचा होता. 'सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत आढळल्या. सबब होनिंग सदोष.' मेव्हण्याच्या दुकानाचं नाव यादीतून निघालं. तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, मास्तरांना कोणत्या तरी बाजूने बोलता आलं असतं. त्याने नोंदवही एकदा चाळली, मास्तरांच्या अक्षरावर बोट ठेवून ओळ वाचली, आणि वही मिटून परत दिली. चारांपैकी एक सिलिंडर तेवढा तो मागून घेऊन गेला.

मैदानावर लोक त्याला आरसेवाले म्हणू लागले. कोणी तरी त्याच्या दुकानाच्या शटरवर खडूने कंगवा काढून ठेवला. दुसऱ्या क्लबांची कामं एकेक करून थांबली. मोटारसायकलींचे सिलिंडर येत, ते तो करून देई. पण आता तो प्रत्येक भिंत तीनदा मोजू लागला, आणि तीनदा मोजलं की तीन आकडे येतात.

दर रविवारी तो बहिणीकडे जेवायला येई. टेबलाची खिडकीकडची खुर्ची त्याची. पूर्वी तो जेवताना गप्प असे, कारण त्याला बोलायला आवडत नसे. आता तो बोलत असे, आणि ते ऐकवत नसे.

"दाजी, दगड जुना होता का हो माझा?"

"अरे, सोड आता."

"की हात हलका पडला? तेव्हा माझा खांदा दुखत होता. खांद्यामुळे असेल?"

"होतं असं एखाद्या वेळी."

"तुमच्या हातून कधी झालं?"

मास्तर पाणी प्यायचे. एकदा त्यांना इतका ठसका लागला की बायकोने पाठ थोपटत सहज म्हटलं, "हळू जरा. खाई त्याला खवखवे." ती घासाबद्दल बोलत होती. मास्तर उठून हात धुवायला गेले आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

कामावरही तेच. तेल बदललं की मास्तर जुना फिल्टर कापत, आतल्या कागदाच्या चुण्या पांढऱ्या थाळीत पसरून उजेडात बघत. धातूचे कण असतील तर चमकतात. पूर्वी ते पाच मिनिटांत बघून होई. आता ते प्रत्येक विमानाच्या फिल्टरवर अर्धा अर्धा तास वाकून बसत, आणि प्रशिक्षकबाई म्हणत, "मास्तर काळजी घ्यायला लागलेत." चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. यांना ते थाळीतही दिसू लागलं होतं. जप्तीचं कपाट त्यांनी रिकामं केलं. त्यावरची पाटी काढायला मात्र हात धजला नाही, लोकांनी कारण विचारलं असतं.

सांगायचं त्यांनी अनेकदा ठरवलं होतं. प्रत्येक वेळी कारण मिळालं, आणि कारण चांगलं असे: आज त्याचा मूड बरा आहे, आज त्याचा मूड बरा नाही. शिवाय परवाना जाईल. शिवाय बायको. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि खोट्याचं तेलासारखंच असतं, वेळेवर बदललं नाही की घट्ट होत जातं, मग ते निचरत नाही, खरवडावं लागतं.

सेक्रेटरींनी 'निरंक' लिहिलं तो गुरुवार होता. त्याच संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला.

"दाजी, शनिवारी सकाळी वेळ आहे का?"

"आहे. का रे?"

"मशीन देऊन टाकतोय. भंगारवाला बाराला टेम्पो घेऊन येणार आहे."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आपण दोघांनीच आणलं होतं ना ते," मेव्हणा म्हणाला. "म्हटलं, जाताना पण तुम्ही असावं. एकट्याला जड जाईल." मग थोडं थांबून, "उचलायला, म्हणजे."

शनिवारी मास्तर साडेनऊलाच पोचले. दुकान झाडून काढलेलं होतं. भिंतीवरचे दगड उतरवून खोक्यात भरले होते, आणि जिथे ते टांगलेले असत तिथे भिंतीवर त्यांच्याच आकाराचे फिकट चौकोन राहिले होते. मशीनचे नटबोल्ट जमिनीतून सोडवून झाले होते. दाराजवळ तो सिलिंडर होता, चारांतला एक. मेव्हणा त्यात छत्र्या ठेवत असे. दोन होत्या, एक काळी आणि एक मोडकी.

"बसा, दाजी. चहा सांगतो."

"नको." मास्तर उभेच राहिले. "मशीन देऊ नकोस."

"ठरलंय आता."

"तुझा हात चांगला आहे."

"तुम्ही म्हणणारच. तुम्ही घरचे."

"मी बाटली घातली होती."

मेव्हणा खोक्यावर दोरी बांधत होता. त्याने गाठ पुरी केली. "कसली बाटली?"

मग मास्तरांनी सांगितलं. दीड महिन्याची रजा, गुलाबी दाणे, वरचा कॅम, टॉर्च, डॉक्टरांची बाटली. ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने सांगितलं, वहीत लिहायला हवं होतं तसं. सांगून झाल्यावर त्यांना जाणवलं की सगळ्याला मिळून चहा थंड होण्याइतकाही वेळ लागला नाही.

मेव्हण्याने पहिला प्रश्न विचारला तो असा:

"किती? अर्धी की अख्खी?"

"अख्खी."

"पहिल्याच तेलात?"

"पहिल्याच."

तो उठला. सिलिंडरमधल्या छत्र्या काढून त्याने नीट भिंतीला टेकवल्या. सिलिंडर बाकावर आडवा ठेवला, आत टॉर्च धरली. चकचकीतच होता, दोन वर्षांची धूळ असूनही. त्याने कार्ब्युरेटर धुवायचं पाणी आत शिंपडलं, खरखरीत घासणी घेतली आणि एक जागा धरून घासू लागला. मास्तर मदतीला पुढे झाले.

"नका हात लावू," मेव्हणा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता.

तो वीस मिनिटं घासत होता. फडक्यावर आधी काहीच येईना, मग फिकट पिवळं, मग मधासारखं तपकिरी. त्याने फडकं टाकलं, भिंगाचा डोळा लावला आणि टॉर्च तिरपी धरून आत बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"आहेत," तो म्हणाला.

थराखाली रेघा होत्या. आडव्यातिडव्या, बारीक, एकसारख्या अंतरावर, जशा मारल्या होत्या तशाच. रिंगांनी त्यांना शिवलंही नव्हतं.

"समितीने घासून बघितलं नाही, ते समजतो मी," मेव्हणा भिंग न काढताच म्हणाला. "त्यांना काय कळतंय. पण मी? माझ्याकडे दोन वर्षं पडलाय हा. वीस मिनिटांचं काम. मी छत्र्या ठेवल्या." त्याने भिंग काढलं. "का नाही बघितलं, सांगू? वहीत 'साधं तेल' लिहिलं होतं, दाजी. तुमच्या अक्षरात. तुमचं अक्षर बघितल्यावर पुढे बघायचं काय राहतं? मग माझंच चुकलेलं असणार."

मास्तर म्हणाले, "मी आज लिहून देतो. क्लबाला, निरीक्षकांना, सगळ्यांना."

"द्या."

"मला माफ..."

"दाजी, टेम्पो यायचाय. मला त्या माणसाला फोन करायचाय, येऊ नको म्हणून. आणि हे मशीन परत बसवायचंय. तुम्ही आता जा."

"बसवायला हात लावतो की. एकट्याला जड जाईल."

"जाईल," मेव्हणा म्हणाला, आणि पाना शोधू लागला.

घरी आल्यावर मास्तरांनी बायकोलाही सांगितलं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, कारण आत जाऊन बसायची हिंमत झाली नाही. ती भांडी पुसत होती. ऐकून झाल्यावर तिने हातातलं भांडं पुसून जागेवर ठेवलं, दुसरं घेतलं.

"तो इथे बसून हात बघत बसायचा," ती म्हणाली. "जेवण झाल्यावर. मला वाटायचं काही रुतलंय. एकदा मी सुईसुद्धा आणून दिली होती." मग तिने ते भांडंही ठेवलं. "आणि तुम्ही समोर बसून बघत होता, अहो."

सोमवारी मास्तरांनी सेक्रेटरींच्या टेबलावर दोन पानी पत्र ठेवलं. सेक्रेटरींनी ते दोनदा वाचलं आणि खिडकी लावून घेतली.

"मास्तर, हे आत्ताच कशाला? यंदा अर्ज आपला एकच होता, शनिवारीच पाटी मंजूर झालीये. कोरायला गेलीये!"

"थांबवा."

"पितळ आहे हो. कोरलेलं पुसता येत नाही."

"मग वही तरी आणा," मास्तर म्हणाले. "तिच्यात करता येतं."

त्यांनी दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. 'पूरक: काही नाही' यावर एकच आडवी रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, कारण नियम तसा आहे. बाजूला लिहिलं: 'एक बाटली घातली होती. रिंगा त्यामुळे बसल्या नाहीत. होनिंग निर्दोष.' तारीख, सही. अंगठ्यावर जुना डाग होता, त्याला शाई लागली.

क्लबाचा कारभार पुढे रीतसर झाला. मास्तरांचा परवाना सहा महिन्यांसाठी स्थगित झाला. त्या काळात ते प्रशिक्षकबाईंच्या हाताखाली विमानांची पोटं पुसत. बाई पहिल्या दिवशी त्यांच्याशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "त्या मुलीला अजून वाटतं की तो धडा होता. मी तिला सांगणार नाही. पण तुम्हाला सांगितलं." आणि चिंध्यांचं खोकं त्यांच्याकडे सरकवलं. जप्तीचं कपाट पुन्हा सुरू झालं, किल्ली डॉक्टरांकडे. मेव्हण्याच्या दुकानाचं नाव यादीत परत चढलं, आणि लाल शेपटीच्या विमानाचं पुढचं काम त्याच्याकडेच गेलं. ते सिलिंडर मास्तरांनी न जोडताच, नुसते टेबलावर मांडलेले पाहिले. रेघा पूर्वीसारख्याच होत्या. पहिल्या पन्नास तासांचं तेल बाईंनी स्वतः ओतलं, दोन साक्षीदार ठेवून.

पाटीही आली, कोरलेली असल्यामुळे. ती सेक्रेटरींच्या खणात आहे. समितीने शेवटच्या बैठकीत ठराव केला, तो असा: 'सदर इसमाने स्वेच्छेने केलेल्या खुलाशाची नोंद घेण्यात आली. मूळ अहवालात योग्य ती दुरुस्ती करण्यात आली. सबब प्रकरण सर्व संबंधितांच्या पूर्ण समाधानाने निकाली काढण्यात येत आहे.'

मेव्हणा त्यानंतर एकाही रविवारी जेवायला आलेला नाही.